कडी न लावलेलं दार

मंडळी, बरेच शनिवार इथे काही लिहिलं नाही. कारणं नेहमीचीच: हापिस, रिलीज आणि आळस. पण या वेळी अजून एक कारण होतं. जे लिहायचं होतं ते लिहावं की नाही हेच ठरत नव्हतं. माझ्याच हातून झालेल्या एका घोळाबद्दल आहे, आणि त्यात ज्यांचं नाव आलं त्यांना विचारून आज लिहायला बसलोय.

तर झालं असं...

गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी रात्री साडेनऊला सातारहून मामांचा फोन आला. मामा तिथल्या एका छोट्या पतसंस्थेचे सचिव आहेत. (कुठली ते विचारू नका. सातारला पतसंस्था काही कमी नाहीत.)

"अरे, ती तुझी वेबसाईट आहे ना, तिच्यातनं थकबाकीची यादी बाहेर पडतीय म्हणं. आज एक पोरगं आलंवतं. सगळी नावं मोबाईलवर दाखवून गेलं की."

"तुझी वेबसाईट" हे दोन शब्द ऐकून पोटात खड्डा पडला.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. २०१८ च्या दिवाळीत मामा म्हणाले होते, तू एवढा कॉम्प्युटरवाला, आम्हाला एक वेबसाईट करून दे की. आता मामांना नाही कोण म्हणणार? फराळ करता करता वर्डप्रेस टाकलं, एक फुकटची थीम लावली, संचालक मंडळाचे फोटो चढवले. मामांना अजून एक गोष्ट हवी होती. दर महिन्याला थकबाकीदारांची यादी घरबसल्या डाउनलोड करता आली पाहिजे. त्यासाठी बाजारात प्लगिन मिळेना, म्हणून मीच एक लिहिलं. दोन रात्रीत. मामींच्या चकल्या आणि माझा आत्मविश्वास, दोन्ही कुरकुरीत होते.

हापिसात माझं निम्मं आयुष्य दुसऱ्यांचा कोड तपासण्यात जातं. "इथे परवानगी तपासलेली नाही" असा शेरा मारून मी किती पोरांचा कोड परत पाठवलाय याची गणती नाही. पण मामांचा कोड कोण तपासणार? घरचंच काम. असो.

ज्यांचा या भानगडींशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वर्डप्रेस म्हणजे आयतं बांधून मिळालेलं घर. जगातल्या दर १० वेबसाईटपैकी ४ तरी त्याच्यावर चालतात. प्लगिन म्हणजे त्या घराला आपण नंतर जोडलेली खोली. अडचण अशी की ही खोली बांधणारा तिला स्वतःचं एक दारही रस्त्याच्या बाजूला काढतो. मूळ घराच्या दाराला कितीही भक्कम कुलूप असू दे, या नव्या दाराला कडी लावायचं काम खोली बांधणाऱ्याचंच.

मी कडी लावली नव्हती. म्हणजे, लावली होती असं मला सात वर्षं वाटत होतं.

वर्डप्रेसमध्ये 'इज ॲडमिन' नावाचं एक फंक्शन आहे. नाव वाचून कुणालाही वाटेल की समोरचा माणूस ॲडमिन आहे का, असा हा प्रश्न आहे. तसं नाही. आलेली विनंती ॲडमिन विभागातल्या पत्त्यावर आली आहे का, एवढंच ते सांगतं. माणूस कोण आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आणि पानाच्या मागून गुपचूप जाणाऱ्या विनंत्या, ज्यांना आपण ॲजॅक्स म्हणतो, त्या 'ॲडमिन-ॲजॅक्स' नावाच्या फाइलमधून जातात. ही फाइल बसते ॲडमिन विभागातच. म्हणजे लॉगिन न केलेला, चौकात वडापाव खात उभा असलेला माणूस जरी आला तरी उत्तर "हो"च. वर्डप्रेसच्या माहितीपानांवर ही सूचना स्पष्ट लिहिलेली आहे. मी वाचली नव्हती. नाव वाचलं होतं.

बरं, तेवढ्यानेही भोक पडलं नसतं. पण लॉगिनची मुदत संपली की मामांना यादीऐवजी पडद्यावर नुसता एक शून्य दिसायचा. २०१९ मध्ये मामांचा वैतागून फोन आला, "शून्य थकबाकी दाखवतंय, एवढं नशीब कुठलं आमचं!" मी हापिसातल्या मीटिंगमध्ये बसून एक ओळ वाढवली आणि ती यादी लॉगिन नसलेल्यांसाठीच्या हुकवरही टांगून दिली. म्हटलं, आत 'इज ॲडमिन' आहेच की राखण करायला. मामा खूश. मी खूश.

त्या दिवसापासून ते दार उघडं होतं. यादीचं बटण फक्त मामांना दिसायचं, पण बटण लपवलं म्हणजे दार लपत नाही. त्या दाराचा पत्ता सगळ्या पानांवर जाणाऱ्या एकाच जावास्क्रिप्ट फाइलमध्ये सरळ लिहिलेला होता. एका सभासदाचा मुलगा वेब डेव्हलपमेंटचा कोर्स करतोय. वडिलांच्या पतसंस्थेची साईट आतून कशी दिसते ते बघू म्हणून त्याने ती फाइल उघडली, पत्ता ब्राउझरमध्ये चिकटवला आणि एंटर मारलं. ४१२ नावं. कर्ज क्रमांक, थकलेली रक्कम, मोबाईल नंबर आणि प्रत्येकाचे दोन जामीनदार.

त्या रात्री मी सात मिनिटांत ते भोक बुजवलं. लॉगिन नसलेल्यांचा हुक काढला आणि 'करंट युजर कॅन' हा खरा प्रश्न घातला, म्हणजे या माणसाला ही गोष्ट करायची परवानगी आहे का. एकूण चार ओळी. सहा वर्षांचं भोक आणि चार ओळींचं ठिगळ.

मग दुरुस्ती चालली की नाही ते बघायला जुनी यादी एकदा उघडली. खाली सरकवता सरकवता एका ओळीवर हात थांबला. कर्जदाराचं नाव अनोळखी होतं. जामीनदार क्रमांक दोन: आमचे अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. लग्नानंतर पाचसहा वर्षं ते सातारला होते, तेव्हापासूनचे तिथले सभासद. नंतर सांगलीला आले आणि मार्केट यार्डात हळदीच्या एका आडत दुकानावर दिवाणजी म्हणून आयुष्यभर राहिले. ते कुणाला तरी जामीन राहिलेत, त्या माणसाचे हप्ते थकलेत आणि ही रक्कम अण्णांच्या वर्षभराच्या पेन्शनपेक्षा जास्त आहे, हे मला माहीत नव्हतं. आईला तर नक्कीच माहीत नव्हतं, कारण आईला माहीत असतं तर आख्ख्या विश्रामबागेला माहीत झालं असतं.

वडिलांनी घरात झाकून ठेवलेली गोष्ट मी वाचली होती. मीच पाडलेल्या भोकातून.

शनिवारी सकाळी पुण्याहून निघालो. खंबाटकी घाटात पाऊस, सातारला पाऊस, आणि मामांच्या केबिनमध्ये तीन संचालक. एका कोपऱ्यात तो मुलगा वडिलांसोबत बसलेला. आल्यापासून वर बघत नव्हता.

एक संचालक म्हणाले, "याला सायबर पोलिसात द्यायचा. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये घुसलाय हा."

आता कायद्याने बघितलं तर ते अगदीच चूक बोलत नव्हते. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३ आणि ६६. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरून माहिती घेतली, आणि ती लबाडीने घेतली असं ठरलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. या पोराने ते केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून येऊन सांगितलं. लबाड माणूस सांगायला येत नाही, एवढं मला कळत होतं. पण पोलिसांच्या आणि वकिलांच्या फेऱ्यांमध्ये ते सिद्ध करताना त्याचं एक वर्ष गेलं असतं.

मी म्हणालो, "काका, तो घुसला नाही. दार मी उघडं ठेवलं होतं. चूक माझी आहे."

मग मला काय सुचलं कोण जाणे, हिरकणीची गोष्ट काढली. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती कड्यावरून उतरली. गोष्ट असं सांगते की महाराजांनी तिला शिक्षा केली नाही, साडीचोळी देऊन गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला. म्हणजे भोक दाखवणाऱ्याला बक्षीस, आणि मग ठिगळ. आमच्या धंद्यात याला बग बाउंटी म्हणतात, मोठमोठ्या कंपन्या यासाठी पैसे मोजतात वगैरे वगैरे. मला वाटलं, मी फारच छान बोललो.

संचालक म्हणाले, "ते महाराज होते. ही पतसंस्था आहे."

शेवटी पोलिसांचा विषय मागे पडला तो हिरकणीमुळे नाही. मामा हळूच म्हणाले, "तक्रार केली तर पेपरात येईल." संपलं. पोरगा सुटला. मी त्याला बाहेर चहा पाजला आणि पुन्हा असं काही दिसलं तर पहिलं एका ओळीचं ईमेल कर, यादी पूर्ण उतरवून घेऊ नकोस, असं सांगितलं. म्हणाला, "दादा, मी दोनदाच उघडली. पप्पांचं नाव आहे का बघायला." होतं की नव्हतं ते मी विचारलं नाही.

आत आल्यावर मामा म्हणाले, "झालं ना दुरुस्त? मग विषय संपला. कशाला गावभर बोंब मारायची?"

मी सर्व्हरचे लॉग बघितले होते. त्या दाराने कोण कोण येऊन गेलं याची नोंद असते. पण स्वस्तातलं होस्टिंग, तीसच दिवसांचे लॉग ठेवतं. तीस दिवसांत त्या पोराच्या दोन भेटी आणि मामांच्या तीन. त्याच्या आधीची सहा वर्षं, काही नाही. कुणी आलं नसेलही. कुणी दर महिन्याला येत असेलही.

मामांना "बरं" म्हणून सांगलीच्या रस्त्याला लागलो. ते "बरं" कराड येईपर्यंत घशात अडकून होतं. पेठ नाक्याला चहा घेतला तेव्हाही होतं.

गाडी चालवताना एक गोष्ट मनात घोळत होती. अशी चूक करणारा मी एकटा नाही. (हे स्वतःचं समाधान म्हणून सांगत नाहीये. थोडंसं आहे म्हणा.) २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे मी चकल्या खात प्लगिन लिहीत होतो त्याच सुमाराला, युरोपातल्या गोपनीयता कायद्याचं पालन करून देणाऱ्या एका लोकप्रिय प्लगिनमध्ये असंच उघडं दार सापडलं. एक लाखाहून जास्त साईट. कुणीही यावं, नव्या नोंदणीला परवानगी द्यावी, प्रत्येक नवा माणूस थेट प्रशासक होईल अशी सेटिंग करावी आणि मग आरामात स्वतःचं खातं उघडावं! २०२० च्या फेब्रुवारीत थीमग्रिल कंपनीच्या डेमो इंपोर्टरमध्ये तर याहून कहर. दोन लाखांवर साईट, आणि लॉगिन न करता कुणीही आख्खा डेटाबेस पुसून टाकू शकत होतं. कारण माझ्या चुकीचंच सख्खं भावंड. 'ॲडमिन इनिट' नावाचा हुक फक्त ॲडमिनसाठीच चालतो असं वाटणं, आणि तो ॲडमिन-ॲजॅक्सच्या दारातून आलेल्या कुणासाठीही चालणं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ४० लाख साईटवर असलेल्या 'रियली सिंपल सिक्युरिटी'ची पाळी आली. ज्यांनी जास्त सुरक्षा हवी म्हणून त्यातली दुहेरी पडताळणी चालू केली होती, नेमकं त्यांच्याच साईटवर पासवर्डशिवाय शिरता येत होतं. पडताळणी नापास झाली हे आतल्या फंक्शनने सांगितलं, पण बाहेरच्याने ते ऐकलंच नाही.

ओवास्प ही संस्था वेब सुरक्षेतल्या दहा मोठ्या दुखण्यांची यादी काढते. परवानगी न तपासणं २०१७ च्या यादीत पाचव्या नंबरवर होतं. २०२१ मध्ये पहिल्या नंबरवर गेलं, आणि तिथेच ठाण मांडून बसलंय.

प्लगिनच कशाला. एप्रिल २०२३ आठवतोय? एमपीएससीच्या गट ब आणि गट क संयुक्त पूर्व परीक्षेच्या आठवडाभर आधी ९० हजारांहून जास्त उमेदवारांची प्रवेशपत्रं टेलिग्रामच्या एका चॅनलवर फिरत होती. आयोगाने तेव्हा सांगितलं की ती एका बाह्य लिंकवरून बाहेर गेली, आणि ती लिंक बंद केली. मूळ घराचं कुलूप जागेवर, बाजूने काढलेलं दार उघडं. सातारा-सांगलीच्या अभ्यासिकांमधली पोरं त्या आठवड्यात पुस्तकं सोडून टेलिग्रामवर आपलं नाव शोधत बसली असतील.

सांगलीला पोचलो तेव्हा आई देवळात गेली होती. अण्णा पडवीत पेपर वाचत होते. म्हटलं, आत्ताच सांगून टाकावं.

"अण्णा, मामांच्या पतसंस्थेची यादी माझ्या चुकीमुळे उघडी राहिली होती. दुरुस्त करताना मी तुमचं नाव बघितलं. जामीनदार म्हणून."

त्यांनी पेपरची घडी घातली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"तू बघितलंस, ठीक आहे. अजून कुणी बघितलं?"

"माहीत नाही."

"म्हणजे नाही बघितलं, का माहीत नाही?"

"माहीत नाही, अण्णा. कळायला आता मार्गच नाही."

मी मग त्यांना सगळं समजावून सांगायला लागलो. लॉगिन म्हणजे काय, परवानगी म्हणजे काय, मी कुठला प्रश्न विचारायला हवा होता. त्यांनी मध्येच थांबवलं.

"यार्डाच्या गेटातनं सगळेच आत येतात रे. शेतकरी, हमाल, व्यापारी, भाजीवाला. म्हणून गोडाऊनमधली पोती कुणी कुणालाही देत नाही. तिथं पुन्हा पावती बघायची. ओळखीचा असला तरी बघायची. रोजचा असला तरी बघायची. माझ्या हिशेबात एक पोतं इकडचं तिकडं झालं असतं तर शेटजींनी काय विचारलं असतं? 'गेटवर कोण होतं' असं नाही. 'दिवाणजी, पावती बघितली का?'"

वालचंदला चार वर्षं काढली, पुढे पंधरा वर्षं हापिसात. एवढ्या सोप्या शब्दांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी स्वतःच मामांना फोन लावला. मामा त्यांना दाजी म्हणतात, आणि सचिव असले तरी दाजींपुढे त्यांचं फार चालत नाही.

"यादीत नाव आहे त्या सगळ्यांना पत्र पाठवायचं. काय काय उघडं होतं, कधीपासून होतं, ते लिहायचं. पहिलं पत्र मला पाठव."

पलीकडून मामा काहीतरी म्हणाले. अण्णा म्हणाले, "लोक शिव्या देतील. देऊ देत. पण कुणी दारात येऊन बोललं तर निदान त्या माणसाला कळेल तरी की ह्याला कुठनं कळलं."

हे मात्र मला सुचलं नव्हतं. मी आपला सॉफ्टवेअरवाल्याच्या डोक्याने भोक, ठिगळ, लॉग एवढाच विचार करत होतो. गेल्या सहा वर्षांत त्या ४१२ पैकी कुणाची सोयरीक मोडली असेल, कुणाला दुकानदाराने अचानक उधार बंद केलं असेल, आणि तो माणूस अजूनही आपल्याच भावाबंदांपैकी कुणावर तरी संशय घेत बसला असेल. असेल किंवा नसेल. पण पत्र मिळालं तर त्याला एक शक्यता तरी कळेल.

पत्रं गेली. मजकूर मी लिहिला, मामांनी "तांत्रिक कारणास्तव" हे शब्द तीनदा घातले, मी तीनदा काढले. शेवटी "आमच्या चुकीमुळे" असं राहिलं. नऊ जण भांडायला आले, दोघांनी ठेव काढून घेतली. एक आजी फक्त पत्र वाचून घ्यायला आल्या, ऐकलं आणि "बरं झालं सांगितलंत" म्हणून गेल्या. थकबाकीची यादी आता वेबसाईटवर नाहीच. मामा पेनड्राइव्हवर नेतात, आणि तो खिशातच राहतो.

२०२३ मध्ये देशात वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती बाहेर गेली तर ज्याची गेली त्याला कळवायचं, असं त्यात आहे. टप्प्याटप्प्याने लागू होतंय. अण्णांनी तो कायदा वाचलेला नाही.

आता तुमच्यासाठी. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी तरी कुणाच्या ना कुणाच्या मामासाठी, शाळेसाठी, मंडळासाठी फुकटात साईट करून दिली असणार. या वीकान्ताला ती उघडा. लॉगआउट करा. मग ज्या पत्त्यांवरून माहिती मिळते ते एकेक पत्ते तसेच ब्राउझरमध्ये टाकून बघा. बटण लपवलंय का ते बघू नका, दार उत्तर देतंय का ते बघा. नॉन्स घातलाय म्हणून निर्धास्त राहू नका. विनंती आपल्याच पानावरून आली का, एवढंच ते सांगतं, समोरच्याला परवानगी आहे का ते सांगत नाही. रेस्टवाल्यांनी परवानगीच्या जागी 'रिटर्न ट्रू' लिहून ठेवलंय का ते शोधा. वापरात नसलेली प्लगिन नुसती बंद करू नका, काढून टाका. आणि लॉग तीस दिवसांपेक्षा जास्त ठेवा. "माहीत नाही" हे उत्तर स्वतःच्या वडिलांना द्यायला फार जड जातं.

आईला अण्णांनी स्वतःच सांगितलं, पत्र घरी येण्याच्या आदल्या दिवशी. दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. कर्जदार मित्राने निम्मे हप्ते भरलेत, उरलेल्याचं बघू.

हा लेख टाकण्याआधी अण्णांना वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर म्हणाले, "आईला विचारलंस का?"

विचारलं. ती म्हणाली, "विश्रामबागेचं ते वाक्य काढ." म्हटलं, काढतो. मग तिनेच हसून सांगितलं, "राहू दे."

तेवढी परवानगी घेऊन ठेवलंय.